बालीची डीलर टूर: पैसा, पासपोर्ट आणि अंगावरचं सोनं सांभाळताना

बियाणे, खतं, औषधं विकणाऱ्या कंपन्यांची स्कीम पूर्ण झाली की जालना, परभणी, लातूर, नांदेडकडच्या कृषी सेवा केंद्रवाल्यांना परदेशाची टूर लागते. बँकॉक-पट्टाया तर होतंच, आता त्यात बालीही आली. चाळीस-पन्नास जणांचा गट असतो आणि त्यातल्या कितीतरी जणांचा पासपोर्टच पहिला. अशा गटांची कागदपत्रं जुळवायची आणि त्यांच्यासोबत जायचं, हे आमचं काम. त्यातून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. सुरा दाखवून लुटण्याचे प्रकार बालीत पर्यटकाच्या वाट्याला क्वचितच येतात. पैसा, फोन, पासपोर्ट जातो तो वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात देताना, नाहीतर जरा वेळ खाली ठेवताना. नोटा बदलून घेताना, कार्ड मशीनला लावताना, स्कूटर भाड्याने घेताना, रात्री खोलीचं दार ओढून घेताना. या जागा आधीच माहीत असतात, म्हणून त्यांची तयारी घरी बसून करता येते.

कंपनीच्या तिकिटावर एकाचीच सोय असते, पण बरेच जण वहिनींना सोबत नेतात आणि जोडीचे पैसे स्वतः एजंटला देतात. फसवणुकीची सुरुवात इथेच होते. परदेशी सहलीचं पॅकेज विकणारा खरा एजंट पॅन नंबर मागतो, टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापतो आणि आपल्या कंपनीच्या नावाची पावती देतो. कापलेला टीसीएस नंतर आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो. ‘रोख द्या, टीसीएस वाचवतो’ असं म्हणणाऱ्याकडे पैसे भरल्याचा पुरावाच उरत नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेणं तर कायद्यानेच बंद आहे. पैसे एजंटच्या कंपनीच्या चालू खात्यात जाऊ द्या, कुणाच्या खासगी यूपीआयवर नको. हॉटेलचं नाव कळलं की हॉटेलला थेट मेल किंवा फोन करून आपल्या नावाचं बुकिंग आहे का ते विचारा. दहा मिनिटांचं काम आहे आणि कोणतंही हॉटेल त्याला नाही म्हणत नाही.

व्हिसाचंही तसंच. भारतीयांना बालीत उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, त्याची फी ५,००,००० रुपिया. तोच घरबसल्या ऑनलाइनही काढता येतो. शिवाय बालीचा पर्यटन कर १,५०,००० रुपिया, तो फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. गूगलवर शोधलं की वरच्या जाहिरातींत सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट येतात. त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात आणि पासपोर्टचा फोटोही ठेवून घेतात. इंडोनेशियाच्या सरकारी साइटचा पत्ता ‘गो डॉट आयडी’ने संपतो, तेवढं बघा. कस्टमचा फॉर्म भरायला एक रुपयाही लागत नाही. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर ती साइट बनावट समजा.

आता फोन. मोबाईलच्या मागच्या कव्हरमध्ये एटीएम कार्ड, आधार आणि पाचशेची नोट ठेवण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. निघण्याआधी ती मोडायलाच लावतो, कारण त्यात मोठा धोका आहे. यूपीआयचा पिन नव्याने बनवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि सिमवर येणारा ओटीपी लागतो, काही बँका एटीएमचा पिनही मागतात. फोन आणि कार्ड एकत्र गेलं तर चोराला तिन्ही गोष्टी एकाच झडपेत मिळतात. म्हणून कार्ड वेगळ्या जागी, फोन वेगळ्या जागी. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं सेटिंगमधून बंद करा, नाहीतर लॉक न उघडताही ओटीपी वाचता येतो. सिमला पिन लावा, म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तरी चालत नाही. हे करताना एक जपायचं: पिन तीनदा चुकला की सिम अडकतं आणि ते उघडायला पीयूके आकडा लागतो. तो सिमच्या कंपनीकडून आधीच घेऊन कागदावर लिहून ठेवा. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख आकडाही त्याच कागदावर उतरवा.

कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असेल तर बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो, आणि तिथेच रोजची मर्यादाही ठरवता येते. आम्ही सांगतो की एकच कार्ड चालू करा, मर्यादा दिवसाच्या खर्चापुरती ठेवा आणि ज्या खात्यात दुकानाची उलाढाल असते त्याचं कार्ड घरीच राहू द्या. आपल्याला ओटीपीची सवय आहे, तो आला नाही तर पैसे जाणार नाहीत असं वाटतं. परदेशात तसं नसतं. तिथल्या बऱ्याच व्यवहारांना ओटीपी लागतच नाही, कार्डाचा आकडा, मुदत आणि मागचे तीन अंक पुरतात. आणखी एक बारीक गोष्ट: बँकेचा १८०० ने सुरू होणारा टोल फ्री नंबर परदेशातून बहुधा लागत नाही. परदेशातून लावायचा वेगळा नंबर कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या साइटवर असतो. तो कागदावर लिहा, फक्त फोनमध्ये नको, कारण गरज पडेल तेव्हा फोनच गेलेला असेल.

सोन्याबद्दल बायकांशी सरळ बोलावं लागतं. लग्नाला निघाल्यासारखं गंठण, पाटल्या, कानातले झुबे घालून बालीत फिरणं म्हणजे मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला आमंत्रण. काळ्या मण्यांची साधी पोत किंवा खोटं मंगळसूत्र घाला, खरं लॉकरमध्ये राहू द्या. तरीही दागिने न्यायचेच असतील तर मुंबई विमानतळावर निघताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. येताना ते दागिने आपलेच, इथूनच नेलेले, हे त्यावरूनच सिद्ध होतं.

चोरीची पहिली शक्यता बालीत नसते, ती मुंबईला नेणाऱ्या रात्रीच्या देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये असते. डॉलर आणि पासपोर्टची बॅग सीटखाली ठेवून बर्थवर झोपू नका. पासपोर्ट आणि नोटा कपड्याच्या आत, कमरेच्या सपाट पाकिटात. हे पाकीट मुंबईत घाईने घेण्यापेक्षा घरूनच बांधून दोन दिवस वापरून बघा, कारण उकाड्यात टोचणारं पाकीट माणूस तिसऱ्या तासाला काढून बॅगेत टाकतो. मग त्याचा उपयोग राहत नाही. आत नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, बालीत घाम आपल्यापेक्षा जास्त येतो. सगळे डॉलर मात्र एका जागी नकोत: निम्मे अंगावर, निम्मे जोडीदाराकडे. एका परदेश प्रवासाला नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. एवढे न्यायची गरजही पडत नाही.

बालीच्या देनपसार विमानतळावर उतरलात की बाहेर टॅक्सीवाल्यांची गर्दी अंगावर येते. गटाची बस असेल तर प्रश्न नाही. स्वतंत्र जायचं असेल तर विमानतळाच्या आतल्या टॅक्सी काउंटरवर पैसे भरून पावती घ्या किंवा ॲपवरून गाडी बोलवा आणि नंबरप्लेट जुळल्याशिवाय सामान आत ठेवू नका. ‘तुमच्या हॉटेलनेच पाठवलंय’ असं म्हणणाऱ्याला आधी तुमचं नाव विचारा. तुम्ही आपलं नाव सांगायचं नाही, त्याच्याकडून वदवायचं.

यानंतर येतं सगळ्यात जास्त पैसे जाण्याचं ठिकाण: नोटा बदलण्याचं दुकान. यावर थोडं सविस्तर.

रुपियाच्या नोटांवर शून्यं फार. तरी आपण लाखात मोजतो हे आपल्या फायद्याचं आहे. लाल नोट एक लाखाची, निळी पन्नास हजारांची, हिरवी वीस हजारांची, जांभळी दहा हजारांची. एक लाख रुपिया म्हणजे साधारण पाचशे-साडेपाचशे रुपये. तिथे हजारानंतर टिंब देतात, म्हणजे ४५०.००० हे साडेचारशे नसून साडेचार लाख. ‘रिबू’ म्हणजे हजार, ‘जुता’ म्हणजे दहा लाख. एवढं पाठ असलं की बोलताना गोंधळ होत नाही.

कुटा, लेगियानच्या गल्ल्यांत कपड्यांच्या किंवा शोभेच्या वस्तूंच्या दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकून डॉलर घेणारे बसतात. बाहेरच्या पाटीवर दर बँकेपेक्षा चांगला लिहिलेला असतो आणि ‘कमिशन नाही’ असंही. दर चांगला आहे हाच धोक्याचा इशारा. समजा दर १६,००० आहे आणि तुम्ही ३०० डॉलर देताय. होतात ४८ लाख रुपिया, म्हणजे ४८ लाल नोटा. हा माणूस लाल नोटा नाहीत म्हणतो आणि हिरव्या देतो. मग त्या होतात २४०. तो टेबलावर दहा-दहा लाखांचे गठ्ठे लावतो, तुम्हाला मोजू देतो, आकडा बरोबर निघतो. मग ‘एकदा शेवटचं बघतो’ म्हणून गठ्ठे आपल्याकडे ओढतो, कडा सरळ करायला टेबलावर आपटतो आणि त्याच झटक्यात खालच्या दहा-पंधरा नोटा टेबलामागे सोडतो. तुम्ही मोजलेलं असतं म्हणून पुन्हा मोजत नाही. हॉटेलवर पोहोचल्यावर कळतं. परत गेलात तर तो ओळख दाखवत नाही. काहींच्या कॅल्क्युलेटरमध्येही फेरफार केलेली असते, म्हणून हिशोब आपल्या मोबाईलवर करा.

मोंढ्यात विकलेल्या मालाच्या पट्टीचे पैसे घेताना जे डोळ्यांत तेल घालून करता, तेच इथे करायचं. परवाना असलेलं दुकान निवडा. तिथे बँक इंडोनेशियाच्या परवान्याची हिरवी पाटी लावलेली असते, काउंटर काचेचा असतो आणि छापील पावती मिळते. आधी एकूण आकडा कागदावर लिहून घ्या आणि कमिशन धरून की सोडून ते विचारा. लाल नोटाच मागा, नाहीत म्हणाला तर उठा. डॉलर टेबलावर ठेवू नका, तुमच्या हातात राहू द्या. त्याने मोजून दिल्यावर तुम्ही एकेक नोट मोजा. आकडा जुळला की नोटा सरळ पाकिटात आणि मगच डॉलर त्याच्या हाती. तुम्ही मोजल्यावर त्याचं बोट जरी नोटांना लागलं तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. सोबत दुसरा माणूस न्या, पण त्याने गप्पा मारायच्या नाहीत, फक्त त्या माणसाच्या हातांकडे बघायचं. मोजत असताना मध्येच कुणी ‘कुठून आलात, शाहरुख खान’ असं बोलायला लागलं तर ते तुमचा आकडा चुकवण्यासाठीच असतं.

एटीएम वापरायचं तर बँकेच्या शाखेच्या आतलं वापरा. रस्त्यावरच्या, दुकानाबाहेरच्या मशीनला कार्डाची माहिती चोरणारी पट्टी आणि आकड्यांवर रोखलेला छोटा कॅमेरा लावलेला असू शकतो. कार्ड घालण्याची खाच हलवून बघा, आकडे दाबताना दुसऱ्या हाताने झाका. काही मशीन आधी नोटा देतात आणि कार्ड नंतर. नोटा घेऊन माणूस निघून जातो आणि कार्ड तिथेच राहतं. मशीनने किंवा दुकानदाराने ‘भारतीय रुपयांत घेऊ का’ असं विचारलं तर नाही म्हणून रुपियाच निवडा, कारण रुपयांचा दर त्यांच्या मनाने लावलेला असतो. कार्ड आत नेऊ देऊ नका, मशीन टेबलावर मागवा आणि पिन टाकण्याआधी शून्यं मोजा.

रस्त्यावर सगळ्यात जास्त जातो तो फोन. कुटा, सेमिन्याक, चांगूच्या अरुंद रस्त्यांना फुटपाथ जेमतेम असतो. कडेला उभं राहून नकाशा बघणाऱ्याच्या हातातून मागून आलेला स्कूटरवाला फोन उचलतो. नकाशा बघायचा तर दुकानाच्या आत जा. पर्स आडवी, रस्त्याच्या विरुद्ध बाजूला. स्कूटरच्या हँडलला फोन अडकवून चालवू नका आणि मागे बसलेल्या वहिनींची पर्स दोघांच्या मध्ये असू द्या. पर्सचा पट्टा कुणी ओढलाच तर सोडून द्या. धरून ठेवल्यावर माणूस गाडीवरून पडतो आणि त्या पडण्यात होणारी इजा पर्समधल्या पैशांपेक्षा फार महागात जाते. उलुवातूच्या देवळात माकडंही चष्मा, टोपी, फोन पळवतात आणि खाऊ दिला की टाकतात. तिथे केचक नृत्य बघायला जाताना चष्म्याला दोरी बांधा.

स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर तयारी जालन्याच्या किंवा तुमच्या जिल्ह्याच्या आरटीओत सुरू होते. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी फॉर्म ४ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तुमच्या मूळ लायसन्सवर दुचाकी नसेल तर याही परवान्यावर ती येत नाही. परवान्याशिवाय अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करतो. पोलिसांनी अडवलं तर रस्त्यावर हातात पैसे देण्याऐवजी रीतसर पावती मागा, तिला तिथे ‘तिलांग’ म्हणतात. दुकानदार अनामत म्हणून पासपोर्ट मागतो. देऊ नका. पासपोर्ट त्याच्याकडे गेला की गाडीवरच्या जुन्या ओरखड्याचेही पैसे तो तुमच्याकडून वसूल करू शकतो. रोख अनामत आणि पासपोर्टची झेरॉक्स द्या. गाडी घेताना दुकानदाराला शेजारी उभं करून चारही बाजू, आरसे, टायर, पेट्रोलचा काटा असा एक सलग व्हिडिओ काढा. थायलंडमध्ये फुकेत आणि पट्टायाच्या किनाऱ्यावर जेट स्कीच्या बाबतीत हीच फसवणूक फार होते. तिथे पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५.

खोलीत शिरल्यावर सामान उघडण्याआधी दारं बघा. बालीच्या व्हिलांत न्हाणीघराला बऱ्याचदा वर छप्पर नसतं, त्यामुळे भिंतीवरून आत उतरता येतं. अशा वेळी न्हाणीघर आणि खोली यांच्यातलं दार रात्री आतून लावणं महत्त्वाचं. सरकत्या काचेच्या दाराची कडी कमजोर असते, खालच्या खाचेत बसेल एवढी काठी आडवी टाकली की बाहेरून ढकलून ते उघडत नाही. तिजोरी भिंतीला किंवा कपाटाला स्क्रूने पक्की आहे का ते हलवून बघा, नाहीतर चोर ती अख्खी उचलून नेतो. तुमचा पिन लावून दार बंद केल्यावर एकदा सगळे शून्य दाबून बघा. उघडली तर कारखान्याचा मूळ आकडा बदललेला नाही. मग त्या तिजोरीत काही ठेवू नका आणि काउंटरला सांगा. फिरताना पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स खिशात, मूळ पासपोर्ट खोलीत.

समुद्रात गट एकदम उतरतो आणि वाळूवर कपडे, फोन, चाव्यांचा ढीग राहतो. त्या ढिगाशी एक माणूस आळीपाळीने बसलाच पाहिजे.

काही गोष्टींत चोर बाजूलाच, आपणच गुन्हेगार ठरतो. खोलीत पैसे लावून तीन पत्ती खेळायला बसणं इंडोनेशियात जुगार आहे आणि जुगार गुन्हा. थायलंडमध्ये २०१६ साली पट्टायात पत्त्यांचा ब्रिज खेळणाऱ्या ३२ परदेशी लोकांना पोलिसांनी पकडलं होतं, त्यात बरेच वृद्ध होते. पत्ते घरी ठेवा. रात्री लेगियान रस्त्यावर कानाशी येऊन गांजा, मशरूम, ‘मसाज’ विचारणारे भेटतात. थांबू नका, उत्तरही देऊ नका. अमली पदार्थांच्या तस्करीला इंडोनेशियात मृत्युदंड आहे आणि एप्रिल २०१५ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन नागरिकांना तो दिलाही गेला. दुसऱ्याची बॅग, पाकीट, ‘फक्त एवढं पोहोचवा’ अशी कुठलीच वस्तू घेऊ नका. स्वतःची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या. स्थानिक ‘अराक’ दारू उघड्या बाटलीतून किंवा स्वस्त कॉकटेलमधून पिऊ नका, त्यातल्या विषारी मिथेनॉलने तिथे माणसं मेली आहेत. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं आलं तर हँगओव्हर समजून झोपू नका, थेट दवाखाना गाठा.

एवढं करूनही काही गेलं तर क्रम ठरलेला ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत जोडीदाराच्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड बंद, मग सिम बंद, मग फोन दूरवरून लॉक. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तिथे रात्रीचे अकरा म्हणजे घरी साडेआठ, घरच्यांनाही कामाला लावता येतं. तिथला पोलिसांचा नंबर ११०, आणीबाणीचा ११२. गावच्या बंदोबस्ताला काळ्या-पांढऱ्या चौकडीच्या लुंगीतले ‘पचालांग’ असतात, ते जवळचं ठाणं दाखवतात. ठाण्यातून लेखी पत्र घेतल्याशिवाय उठू नका. बहुतेक विमा पॉलिसींत चोरीची तक्रार २४ तासांत नोंदवलेली लागते आणि बेवारस ठेवलेल्या सामानाचे पैसे मिळत नाहीत, म्हणून ‘कुठे होतं आणि तुम्ही कुठे होता’ हे पत्रात स्पष्ट येऊ द्या.

पासपोर्ट गेला तर तेच पत्र, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स आणि फोटो घेऊन देनपसारच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जायचं. भारतात परतण्यापुरतं एका प्रवासाचं आणीबाणीचं प्रवासपत्र मिळतं. ते हातात आलं म्हणजे लगेच विमानात बसता येतं असं नाही, इंडोनेशियाच्या इमिग्रेशन कार्यालयाकडून बाहेर पडण्याची परवानगीही लागते. शनिवार-रविवार मध्ये आला तर गटाचं विमान चुकतं. म्हणून फोटो आणि झेरॉक्सचा एक संच मूळ पासपोर्टपासून वेगळा, गटप्रमुखाच्या बॅगेत ठेवायचा.

घरी आल्यावर परदेशी व्यवहार ॲपमधून लगेच बंद करा आणि कार्डाचा पिन बदला. पुढचे दोन महिने स्टेटमेंटवर लक्ष ठेवा. कार्डाची माहिती चोरणारे आधी वीस-पन्नास रुपयांचा छोटा व्यवहार करून कार्ड चालतं का ते बघतात, मोठा हात नंतर मारतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर भुर्दंड तुमच्यावर येत नाही. चार ते सात दिवस लावले तर काही भाग तुमच्या माथी बसतो.